सुरुवात कुऱ्हाडीपासून कर

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची प्रकरणं वाचली. जर्मनीतल्या हुन्सऱ्यूकच्या डोंगराळ खेड्यातून १८४६ साली बायको-मुलांसह निघालेला शेतकरी आणि ब्राझीलच्या दक्षिणेतलं जंगल हा विषय मराठीत आणावासा तुला वाटला, याचा मला फार आनंद झाला. पण आतापर्यंतची सगळी पानं जहाजावरच खर्च झाली आहेत. वादळ, तापाची साथ, समुद्रात सोडलेलं लेकरू, मग क्षितिजावर दिसलेला किनारा. तू ते चांगलं लिहिलं आहेस. तरी विचार कर, तो प्रवास दोन-तीन महिन्यांचा होता. त्यानंतर जगला असेल तर तो माणूस तीस-चाळीस वर्षं जमिनीच्या एका लांबट, चढणीच्या पट्ट्यावर राबला. त्याचं आयुष्य तिथे आहे. म्हणून माझं सांगणं असं, की त्याच्याकडे आधी शेतकरी म्हणून बघ. त्याची जमीन, त्याचं कर्ज आणि त्याच्या घरातले कामाचे हात, या तीन गोष्टी हाती आल्या की बाकीचा माणूस आपोआप उभा राहील.

तो निघाला का, हे तू ‘गरिबीमुळे’ या एका शब्दात उरकलं आहेस. हुन्सऱ्यूक म्हणजे ऱ्हाईन, मोझेल आणि नाहे या नद्यांच्या मधला उंच, थंड, हलक्या जमिनीचा प्रदेश. तिथे बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटण्याची रीत होती. दोन-तीन पिढ्यांत शेताच्या चिंध्या होतात, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही. त्यानं सात-बारावर ते पाहिलं आहे. त्यात १८१५ साली इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्यामुळे १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा आलाच नाही. पिकं गेली, लोक उपाशी राहिले. तुझ्या नायकाचा बाप ते पाहून मोठा झालेला असणार. आणि १८४५ पासून बटाट्यावर करपा आला. गरिबाचं पोट ज्या एका पिकावर होतं तेच जमिनीत सडलं. हा सगळा हिशोब त्याच्या घरात बोलला गेला असेल, चुलीपाशी, दबक्या आवाजात. तो संवाद लिही.

आणखी एक गोष्ट तुझ्या हातून निसटली आहे, ती मला सर्वांत मोलाची वाटते. त्या भागात जंगल सरकारचं किंवा जमीनदाराचं. वाळकी काटकी उचलली तरी चोरी धरली जायची. १८४२ मध्ये ऱ्हाईन प्रांतात लाकूडचोरीच्या कायद्यावर वाद पेटला, तेव्हा जवळच्याच ट्रिअर शहरात जन्मलेल्या तरुण कार्ल मार्क्सनं वर्तमानपत्रात त्यावर लेख लिहिले होते. ज्या माणसाला सरपणासाठी दंड होऊ शकत होता, त्याला गाव सोडल्यावर चार महिन्यांनी सांगण्यात आलं, की हे समोरचं अख्खं रान तोड आणि जाळ. त्या क्षणी त्याला काय वाटलं असेल? तुझ्या कादंबरीचं पहिलं पान मला तिथे दिसतं.

आता जमिनीचं बोलू. ब्राझीलच्या दक्षिण टोकाच्या रिओ ग्रांद दो सुल प्रांतात, साओ लिओपोल्दोला पहिले ३९ जर्मन २५ जुलै १८२४ रोजी उतरले. ब्राझीलमध्ये ती तारीख आजही शेतकरी-वसाहतकरूंचा दिवस म्हणून पाळतात. त्या पहिल्यांना मिळालेले पट्टे साधारण ७७ हेक्टरचे होते. आकडा ऐकून हुन्सऱ्यूकच्या माणसाला घेरी आली असेल. पण पट्ट्याचा आकार बघ. रुंदी १०० ब्रासा म्हणजे २२० मीटर, आणि लांबी १६०० ब्रासा, साडेतीन किलोमीटर. जंगलातून आधी एक सरळ वाट तोडायची, तिला पिकाडा म्हणत. तिच्या दोन्ही अंगांना असे अरुंद पट्टे ओढ्यापासून डोंगरापर्यंत आखायचे. पुढे येणाऱ्यांना जमीन कमी-कमी मिळत गेली, १८५० च्या कायद्यानं तर फुकट वाटप बंदच केलं आणि जमीन हप्त्यांनी विकत घ्यावी लागू लागली. शतकाच्या अखेरीस पंचवीसेक हेक्टरचा पट्टा हाच नेहमीचा झाला.

हे मापाचं प्रकरण मी मुद्दाम लांबवते आहे, कारण तुझ्या लिखाणात ‘गाव’ आलं आहे. संध्याकाळी बायका विहिरीवर जमतात, म्हातारे पारावर बसतात. तिथे तसं गाव नव्हतं. गावठाण नाही, वेस नाही, पार नाही. प्रत्येकाचं घर आपापल्या पट्ट्याच्या तोंडाशी, वाटेला लागून, आणि शेजारचं घर दोन-अडीचशे मीटरवर, मध्ये झाडी. हुन्सऱ्यूकमध्ये हीच माणसं भिंतीला भिंत लावून राहत होती. शेजारणीची हाक ऐकू येण्याच्या अंतरात वाढलेली बाई इथे दिवसभर माणसाचा आवाज न ऐकता राहते. नवरा आत रान तोडतो आहे, थोरला त्याच्याबरोबर, धाकटं पाळण्यात. तिच्या एकटेपणाचं कारण पट्ट्याच्या आकारात आहे. चर्च, शाळा आणि दफनभूमी वाटेवर मध्येच कुठेतरी. रविवारी तिथे भेटायचं तेवढंच.

तुझा नायक उतरल्यावर पंधरा दिवसांत नांगर धरतो, ते काढून टाक. नांगर चालवायला जागाच नव्हती. आधी कोयत्यानं खालची झुडपं आणि वेली कापायच्या, मग कुऱ्हाडीनं मोठी झाडं पाडायची. हे काम हिवाळ्यात, आणि तिकडचा हिवाळा जून ते ऑगस्ट. तोडलेलं काही आठवडे वाळू द्यायचं, मग पेटवायचं, आणि राखेत, उभ्या बुंध्यांच्या मधून, कुदळीनं किंवा टोकदार काठीनं भोकं पाडून मका, घेवडा आणि कसावा, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, लावायचा. सह्याद्रीतली कुमरी शेती माहीत असलेल्या वाचकाला हे लगेच कळेल. बुंधे आणि मुळं कुजून नांगर फिरण्याजोगी जमीन व्हायला वर्षं लागत. झाड कुठल्या बाजूला पडेल याचा अंदाज चुकून माणसं मेली. ही विद्या त्यानं घरून आणलेली नव्हती. ती त्याला तिथल्या गरीब ब्राझीलियन शेतकऱ्यांनी शिकवली, आणि त्यांनी ती मूळच्या रहिवाशांकडून घेतलेली होती. मका, कसावा, घेवडा ही पिकंही त्यांचीच. ‘जर्मन मेहनतीनं जंगलाचं सोनं केलं’ असं वाक्य तू लिहिलं आहेस. कोणाकडून शिकून केलं, ते त्याच परिच्छेदात यायला हवं.

ऋतू उलटे झाल्याचं भान तुझ्या प्रकरणांत कुठेच नाही. नाताळ ऐन उन्हाळ्यात, कापणीचा महिना पेरणीचा झालेला. शेतकऱ्याचं निम्मं ज्ञान पंचांगात असतं, आणि इथे ते पंचांग निरुपयोगी. चंद्राच्या कला मात्र त्याच राहिल्या. त्यावर पेरणी आणि लाकूडतोड ठरवायची सवय ही माणसं धरून राहिली. जेवणही बदललं. गहू आणि राय हे थंड प्रदेशातलं धान्य नीट येईनात, म्हणून मक्याच्या पिठाचा पाव. पहिली काही वर्षं ताडाच्या पानांची झोपडी, मग कधीतरी लाकडी सांगाड्यात विटा किंवा माती भरलेलं घर. फोटोत दिसणारी ती देखणी घरं दुसऱ्या टप्प्यातली आहेत. तू पहिल्याच वर्षी बांधून दिलंस.

आता पैसा. इतकं पिकवून तो काय विकतो, हा प्रश्न तुला पडलेला दिसत नाही. मका खेचरावर लादून शहरापर्यंत न्यायचा तर भाड्यातच त्याची किंमत संपे. म्हणून मका डुकरांना घालायचा आणि डुकराची चरबी विकायची. चरबी टिकते, कमी जागेत जास्त मोलाचा माल मावतो, आणि शहरांत स्वयंपाकाला तिला मागणी होती. जर्मन वसाहतींची बाजारातली पत मोठ्या प्रमाणात या चरबीवर उभी राहिली. पुढे सांता क्रूझसारख्या ठिकाणी तंबाखू आला. तुझ्या नायकाच्या अंगणात डुकरांचं कुंपण नसेल तर तो शेतकरी खरा वाटणार नाही.

ही चरबी विकत घेणारा म्हणजे वाटेवरचा दुकानदार. त्याच्या दुकानाला व्हेंडा म्हणत. मीठ, लोखंड, कापड, रॉकेल त्याच्याकडून उधारीवर न्यायचं आणि चरबी, घेवडा, अंडी, लोणी त्याच्याकडे घालायचं. हिशोब त्याच्या वहीत. बरीच वर्षं रोख पैसा शेतकऱ्याच्या हाताला फारसा लागतच नसे. त्याची शिल्लकसुद्धा दुकानदाराकडेच ठेवलेली असे. तू या माणसाला सरळ आपल्या दख्खनमधला सावकार करून टाकलं आहेस. १८७५ साली सुप्याला वह्या-खतं जाळली, तसं काही तुला तिथे घडवायचं आहे असं वाटतं. मोह आवर. व्हेंडावाला शोषण करत नव्हता असं मी म्हणत नाही. मालाची किंमत आणि सामानाची किंमत दोन्ही तोच ठरवायचा, यातच सगळं आलं. पण तो त्याच बोलीत बोलणारा, त्याच चर्चमध्ये बसणारा, पुष्कळदा तुझ्या नायकाच्या मुलाचा धर्मपिता. पत्रं त्याच्याकडेच यायची, नाचगाणं त्याच्याच दालनात व्हायचं. त्याच्याविरुद्ध जाणं म्हणजे स्वतःच्या जगाविरुद्ध जाणं. हा ताण सुप्याच्या ताणापेक्षा वेगळा आहे आणि कादंबरीला जास्त उपयोगी आहे.

घरातल्या बाईबद्दल वर थोडं लिहिलं, ते पुरेसं नाही. तुझ्या लिखाणात ती वाट बघते आणि रडते. प्रत्यक्षात तो रान तोडत असताना कुदळ तिच्या हातात होती. गाय, कोंबड्या, भाजीचा वाफा, साबण, लोणी, डुक्कर कापल्यानंतरचं दोन दिवसांचं काम, आणि दर दीड-दोन वर्षांनी बाळंतपण. दुकानात लोणी-अंडी जात, त्यातून घरचं मीठ-कापड येई. म्हणजे वहीतली बरीचशी जमेची बाजू तिची, आणि वहीवर नाव नवऱ्याचं. तिला एक प्रकरण पूर्ण दे. नवऱ्याच्या नजरेतून नको, तिच्या कामातून.

धर्माचंही एक ठरवावं लागेल. तो प्रोटेस्टंट की कॅथलिक? तू मोघम ‘देवळात गेले’ म्हणतेस. १८२४ च्या ब्राझीलच्या राज्यघटनेत कॅथलिक हा राजधर्म होता. इतरांना प्रार्थनेची मुभा होती, पण बाहेरून देवालय वाटेल अशी इमारत बांधायची नाही. म्हणून प्रोटेस्टंटांची चर्चं शिखराविना, घरासारखी. त्यांच्या लग्नांनाही १८६० च्या दशकापर्यंत कायद्याची नीट मान्यता नव्हती. म्हणजे पंधरा वर्षं संसार केलेली बाई सरकारदरबारी बायकोच नाही, आणि वारसाचा प्रश्न उभा. कॅथलिक ठरवलास तर हा सगळा धागा जाईल, त्या जागी १८४९ पासून आलेले जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री येतील. मी तुझ्या जागी असते तर प्रोटेस्टंट ठरवला असता.

आता जे लिहिणार आहे ते तुला आवडणार नाही, पण यावर मी अडून बसेन. तुझ्या कादंबरीत जंगल रिकामं आहे. ते रिकामं नव्हतं. रिओ ग्रांद दो सुलच्या पठारावर कायनगांग या मूळच्या रहिवाशांची वस्ती होती. पिकाडा जशा आत सरकल्या तसे हल्ले झाले, माणसं पळवली गेली, आणि त्याच दशकात, १८४० नंतर, सरकारनं कायनगांग लोकांना नोनोआइसारख्या ठरावीक जागी गोळा करायला सुरुवात केली, म्हणजे उरलेली जमीन मोकळी होईल. शेजारच्या सांता कातारीना प्रांतात शोक्लेंग या दुसऱ्या मूळ रहिवाशांची याहून वाईट दशा झाली. त्यांना मारायला पैसे देऊन टोळ्या नेमल्या जात. आणि हे जुनं झालेलं नाही: त्याच शोक्लेंगांच्या जमिनीच्या खटल्यात ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूचा निकाल दिला. साओ लिओपोल्दोची वसाहत बसली ती जागाही आधी जहाजांच्या दोरखंडांसाठी हेम्प, म्हणजे तागासारखं वाखाचं पीक, पिकवणारं सरकारी ठाणं होती, आणि तिथे राबणारे गुलाम होते. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ पर्यंत चालली, आणि काही जर्मन कुटुंबांनीही गुलाम ठेवले. तुझ्या नायकाला क्रूर करायला मी सांगत नाही. तो घाबरलेला, कर्जात असलेला, मुलाबाळांचा माणूस आहे. पण ती जमीन त्याला कोणी दिली आणि कोणाकडून काढून दिली, हे वाचकाला दिसलं पाहिजे. नायकाला ते दिसत नसेल तरीसुद्धा.

मधेच एक आठवण करून देते. शिकलेला माणूस या रानात कसा जगला हे पाहायचं असेल तर फ्रिट्झ म्युलर या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाचा शोध घे. नास्तिक असल्यामुळे ख्रिस्ती शपथ घ्यायला त्यानं नकार दिला, म्हणून वैद्यकीची पदवी हुकली. १८५२ मध्ये तो सांता कातारीनातल्या ब्लुमेनाउच्या वसाहतीत आला, स्वतः झाडं तोडली, शेती केली, आणि त्याच रानात फुलपाखरं आणि समुद्रकाठचे कवचधारी जीव निरखत डार्विनशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला. त्याच्याबद्दल वाचताना मला नेहमी वाटतं, की रान तोडणाऱ्या हातांना रान कळतही होतं. तुझा नायक असं काही लिहिणार नाही, पण कोणत्या झाडाचं लाकूड पाण्यात कुजत नाही आणि कुठल्या झाडाखाली जमीन चांगली, हे त्याला पाच वर्षांत कळलं असेल. ते ज्ञान त्याच्या तोंडी येऊ दे.

पुढच्या पिढीचं थोडक्यात. आठ-दहा मुलं, एकच पट्टा, आणि उतारावरची जमीन दर वर्षी मका घेऊन थकलेली. ज्या वाटणीला कंटाळून बाप निघाला तीच मुलांसमोर पुन्हा उभी. फरक एवढाच, की इथे पुढे अजून जंगल होतं. मुलं पश्चिमेकडे सरकली. १८९० मध्ये इजुईची वसाहत बसली, पुढे सांता कातारीनाचा पश्चिम भाग, मग त्याच्या उत्तरेचं पराना राज्य. प्रत्येक ठिकाणी पुन्हा कुऱ्हाड, पुन्हा राख. १८७४ मध्ये पोर्तो आलेग्रे ते साओ लिओपोल्दो रेल्वे आली, त्यानं शहराजवळच्यांचं भलं झालं आणि आतल्यांचं मागासपण उघडं पडलं. त्याच वर्षी सापिरांगाजवळ याकोबिना माउरर या बाईभोवती जमलेल्या गरीब शेतकऱ्यांच्या पंथाचा सैन्यानं बीमोड केला. हा प्रसंग तुला खुणावेल, माहीत आहे. आणलास तर व्हेंडावाल्यांशी आणि नव्या श्रीमंतांशी असलेला त्यांचा दुरावा दाखव, नुसतं धर्मवेड नको.

आणि हे मात्र सोडू नकोस. १८४६-४७ च्या ज्या भुकेनं तुझा नायक निघाला, त्याच हिवाळ्यात ऱ्हाईनच्या पलीकडे, वेस्टरवाल्डमध्ये, फ्रीडरिश विल्हेल्म राइफाइझन नावाच्या तरुण गावप्रमुखानं लोकांना एकत्र करून पिठाची आणि पावाची सोय केली. त्यातून पुढे त्याच्या शेतकरी पतसंस्था उभ्या राहिल्या. १९०२ मध्ये थिओडोर आमश्टाड या स्विस जेझुइट पाद्र्यानं नोव्हा पेत्रोपोलिसला त्याच धर्तीवर वसाहतकरूंची पतपेढी काढली, म्हणजे शिल्लक व्हेंडावाल्याच्या वहीतून निघून शेतकऱ्यांच्या स्वतःच्या संस्थेत आली. दोनच वर्षांनी, १९०४ मध्ये, हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तोही राइफाइझनचंच उदाहरण समोर ठेवून. तुझ्या आजोबांनी ज्या विकास सोसायटीतून पीककर्ज काढलं तिचा पणजोबा आणि तुझ्या नायकाच्या नातवाच्या पतपेढीचा आजोबा एकच. हे तू कादंबरीत सांगू नकोस, पण लिहिताना मनात ठेव. मराठीत ही कादंबरी का लिहायची, असं कोणी विचारलं तर तुझ्याकडे उत्तर असेल.

कथा १९४२ पर्यंत नेणार म्हणतेस. तर मग हुकूमशहा जेतुलिओ वर्गासच्या राजवटीत १९३८ पासून परक्या भाषेतल्या शाळा बंद झाल्या, आणि ब्राझील युद्धात उतरल्यावर उघड्यावर जर्मन बोलण्यालाही बंदी आली. ज्या आजीला दुसरी भाषाच येत नव्हती ती दुकानात गेली तर बोलणार कशी? त्या देशात नाझी पक्षाची शाखाही काही वर्षं उघडपणे काम करत होती, हे लपवू नकोस. बहुतेक शेतकऱ्यांचा तिच्याशी संबंध नव्हता, हेही सांग.

साधनांबद्दल शेवटचं. तू वसाहतकरूंनी घरी लिहिलेल्या पत्रांवर फार विसंबली आहेस. वर्षातून एखादं जाणारं पत्र भावाला बोलावून घेण्यासाठी किंवा गावात नाव राखण्यासाठी लिहिलेलं असतं, आणि चांगली-चांगली पत्रं छापून दलाल माणसं गोळा करत. १८५९ मध्ये प्रशियानं, म्हणजे हुन्सऱ्यूक ज्या राज्यात होतं त्यानं, ब्राझीलसाठी अशी भरती करायला बंदी घातली, कारण साओ पावलोच्या कॉफीमळ्यांत वाट्यानं राबणाऱ्यांचे हाल युरोपात कळले होते. पत्रांच्या शेजारी चर्चच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेव, आणि माणूस मेल्यावर घरातल्या वस्तूंची जी सरकारी यादी होई ती मिळव. दोन कुऱ्हाडी, एक तांब्याची कढई, अमुक डुकरं, दुकानदाराचं इतकं देणं. अशा एका यादीत तुझं अख्खं प्रकरण आहे.

जहाजाचा मजकूर कापून सात-आठ पानांवर आण. मग एका मोठ्या कागदावर त्याच्या पट्ट्याचा नकाशा काढ: वाट, ओढा, झोपडी, पहिल्या वर्षी तोडलेला तुकडा, दुसऱ्या वर्षीचा, डुकरांचं कुंपण, शेजाऱ्याची हद्द, आणि वरच्या टोकाला जिथून कायनगांगांची पायवाट जाते ती जागा. नकाशा आणि पहिल्या कापणीपर्यंतची पानं दिवाळीच्या आधी पाठव, म्हणजे सुट्टीत बसून वाचता येतील. पोर्तुगीज शब्दांचे उच्चार अडले तर फोन कर.

तुझ्या
बाई